वार्तेखालचे नाव



आम्हांस नेमून दिलेला विषय ‘वृत्तपत्रवाचनाचे लाभ’ असा होता. लाभ आपण जाणताच. आज त्यानिमित्ताने एक कबुली द्यावयाची आहे.

इ. स. २०१८ च्या जूनअखेरीस, मुले पळविणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, असा संदेश एका आप्ताने आम्हांस धाडला. त्यांस तो कोठून मिळाला, हे आम्ही पुसले नाही. नातवंडे डोळ्यांपुढे आली आणि संदेश तसाच आपल्या ज्ञातीच्या व्हॉट्सॲप समूहावर गेला. त्याच आठवड्यात, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने पाच जणांस ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारिले. ते सोलापूरकडून भिक्षेसाठी हिंडत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. दुसरे दिवशी वर्तमानपत्र आमच्या हातात तसेच राहिले.

समूहावर आम्ही विचारिले, आमचा संदेश कोणी खरा मानिला? एक भगिनी म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही पाठविलात म्हणून मुलांना दोन दिवस शाळेत धाडले नाही.” दुसऱ्या एका गृहस्थांनी दारी आलेल्या चादरीवाल्यास मुलांदेखत हाकलून दिले होते.

वृत्तपत्राच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे असतात. मुद्रक व प्रकाशक यांची नावे तर १८६७ पासून कायद्यानेच छापावी लागतात. बातमी खोटी ठरली तर कोणाचे दार ठोठवावे हे कळते. छापील व दूरचित्रवाणीवरील सारेच खरे, असे मात्र नव्हे. १९१६ चे नव्हे, २०१६ चेच उदाहरण: दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचे काही वाहिन्यांनी सांगितले आणि आम्हीही ती नोट दिव्यापुढे धरून पाहिली! पण तेथे निदान वाहिनीचे नाव ठाऊक होते.

त्या वर्षी देशभर फिरलेली मूल पळविण्याची चित्रफीत मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती; शेवटचा खुलासा कोणी कापिला, ते ती पाहणाऱ्यास कळण्याची सोयच नव्हती. पुढे जुलैत कंपनीने पुढे धाडलेल्या संदेशावर खूण लावण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा घातली. खूण उपयोगी खरी, परंतु मूळ लेखक कोण हे ती सांगत नाही. वाचणारास एकच नाव दिसते, ते धाडणाऱ्याचे.

आम्ही समूहावर स्वतःच्या नावाने चूकदुरुस्ती लिहिली. सात जणांनी उत्तर दिले. दिवाळीत तोच जुना संदेश एका भाच्याकडून आम्हांकडे परत आला. वर लिहिले होते, ‘गुरुजींकडून आलेला आहे, खात्रीचा.’