वास घेणारी पट्टी



विद्युत अभियांत्रिकीच्या संशोधकाने निदान घरचा पंखा तरी दुरुस्त करावा, अशी आपल्याकडे रास्त अपेक्षा असते. मला तो करता येत नाही. माझा सारा व्यवहार डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका पट्टीशी आहे.

उन्हात वाळत घातलेला पापड कडेने वर वळतो, हे येथील भगिनींना सांगणे नलगे. वरची बाजू आधी सुकून आकसते, खालची ओलीच राहते. दोन्ही बाजूंचा ताण विषम झाला की पापड वाकतो. आमची पट्टी याच न्यायाने चालते. तिचे एक टोक पक्के, दुसरे सज्ज्यासारखे अधांतरी. लांबी सुमारे २०० मायक्रॉन, जाडी एखाद-दुसरा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ८० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. तिच्या एकाच बाजूवर, विवक्षित रेणूंना धरून ठेवील असा लेप देतात. रेणू चिकटले की पट्टी काही नॅनोमीटर वाकते आणि तिच्या पोटातील रोधकाचा विद्युतरोध दहा लाखांत काही भागांनी बदलतो. तेवढा बदल वाचावयाचा.

१९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यातील पट्टीच्याच वंशातली ही. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनऐवजी एसयू-८ या पॉलिमरच्या पट्ट्या घडवल्या. पॉलिमर पुष्कळच लवचीक, म्हणून तेवढ्याच ताणाला अधिक वाकणारा. स्फोटकांचा माग घेणे, हा त्या कामाचा एक हेतू.

अशाच एका सभेत मला एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "११ जुलै २००६ ला आमचा पुतण्या लोकलमध्ये गेला. तुमची पट्टी तेव्हा फलाटावर असती तर?"

'वाचला असता' म्हणणे सोपे होते. परंतु आरडीएक्सची वाफ हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे काही मोजक्या रेणूंइतकीच असते. पिशवीत बांधलेल्याची त्याहून कमी. पिशवीवरून कापड फिरवून कण टिपले, तरच काही आशा. शिवाय हजारांत एकदा चुकणारे यंत्रही लाख प्रवाशांमागे शंभर निरपराधांना अडवील. चौथ्या दिवशी पोलीस त्याची घंटा बंद करतील.

आणि यंत्र चुकते. एका श्रावणातल्या रात्री आमच्या पट्टीने स्फोटकाची ग्वाही दिली, तेव्हा आम्ही नाचायचे तेवढे बाकी होतो. सकाळी उलगडा झाला: वातानुकूलन बंद पडून दमट हवा आत शिरली होती. पाण्याचे रेणूही लेपाला बिलगतात, हे आम्हांला पुस्तकात ठाऊक होते! तेव्हापासून शेजारी बिनलेपाची दुसरी पट्टी ठेवतो. तापमानाने दोघी सारख्याच वाकतात, तो भाग वजा होतो. ओलाव्याचा मात्र पुरता होत नाही, कारण लेप पाणी अधिक ओढतो. आमचे घोडे तेथेच अडले आहे.

त्या गृहस्थांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे अजून नाही." मी म्हटले, "अजून नाही."

सध्या भर पावसाळ्यातील नोंदी घेणे चालू आहे. ज्यांना पाहण्याची इच्छा असेल त्यांनी प्रयोगशाळेत अवश्य यावे. मात्र चपला बाहेर काढाव्या लागतील.