कान्हेरीचा चढ

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो. म्हणून मला जे ठाऊक आहे त्यावरच बोलतो. दर रविवारी सकाळी मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये पळतो. पदक वगैरे मिळवण्याइतका वेग माझ्याकडे कधीच नव्हता. दहा किलोमीटरला सत्तर मिनिटं लागतात, आणि मला मागे टाकून जाणाऱ्यांत पासष्टीचे काकाही असतात.

सुरुवात हौसेनं झाली नाही. अब्बांना एकावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. हॉस्पिटलात फॉर्म भरत होतो. घरातले आजार लिहा. अब्बा, चाचा, फुप्पी, तिघांनाही मधुमेह. ‘व्यायाम’ या रकान्यात अब्बांसाठी ‘नाही’ लिहिलं आणि लक्षात आलं, माझा फॉर्म असता तरी हेच लिहिलं असतं. आमच्याकडे खेळ दहावीपर्यंत. त्यानंतर मुलगा पळताना दिसला तर लोक विचारतात, ‘क्या हुआ, ट्रेन छूट रही है?’

पहिल्या दिवशी मेन गेटपासून पळायला लागलो आणि दोनशे मीटरवर कठड्याला धरून उभा राहिलो. चूक साधी होती. मी शाळेत शंभर मीटर धावायचो तसा धावत होतो. नंतर कळलं, पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दीड-दोन महिने केलं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि नाडी उगाच चढते. पुण्यातल्या मित्राच्या वेगाशी आपली तुलना करू नका. रमजानमध्ये मी इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात हळू पळतो, म्हणजे थांबल्यावर लगेच पाणी मिळतं. अंतर निम्मं करतो. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, मला नको.

आता पार्कबद्दल. कंपनीच्या कामासाठी मी पाच महिने अमेरिकेत होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पळायचो. त्याचं जगभर कौतुक. क्षेत्रफळ 843 एकर. आपलं नॅशनल पार्क सुमारे 104 चौरस किलोमीटर. भागाकार करून पाहिला, जवळजवळ तीसपट! आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव, अजूनही मुंबईला पाणी देणारे. आत आदिवासी पाडे. तिथली माणसं आपल्यासारखी हवा खायला आलेली नाहीत, त्यांचं घर आहे ते. पळताना हेडफोनवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि बिबटे. हो, आहेत. काळोखात एकट्यानं जायचं नाही, बोलत जायचं, वाकून बसायचं नाही. पूर्वी बिबट्या दिसला की लोक म्हणायचे, पकडा आणि लांब सोडून या. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की असं उचलून दुसरीकडे सोडल्यानं हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. तुम्ही का हसताय? मी बिबट्यांबद्दलच बोलतोय.

खरं सांगायचं ते पुढे आहे, आणि त्यात मी फार चांगला दिसत नाही.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, माझ्याबरोबर पार्कात यायला लागली. तिच्याही रिपोर्टात साखर वाढलेली. मी तिला म्हणायचो, ‘आपा, तू इथे चाल, मी कान्हेरीपर्यंत जाऊन येतो.’ गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. म्हणजे मी येईपर्यंत दीड-पावणेदोन तास. ती थोडं चालायची आणि बाकावर बसायची, माझी पाण्याची बाटली आणि किल्ल्या सांभाळत. असे चार-पाच महिने गेले. एका रविवारी मी घामाघूम परत आलो तर ती म्हणाली, ‘मी इथे तुझं सामान राखायला येते का रे?’

मला उत्तर सुचलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. अब्बांनी नाही, अम्मीनं नाही. ती पळेल हा विचारच मी केला नव्हता. पदवीधर, स्वतःला पुढारलेला समजणारा मी.

तेव्हा मला सेंट्रल पार्कमध्ये ऐकलेली गोष्ट आठवली. 1972 साली तिथे न्यूयॉर्क मॅरेथॉन होती. तेव्हा ती सगळी पार्कातच व्हायची. नियम असा की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी सुटायचं, एकत्र नाही. बंदूक वाजली आणि सहा जणी सुरुवातीच्या रेषेवर खाली बसल्या, दहा मिनिटं. पुरुषांची बंदूक वाजली तेव्हा उठल्या आणि त्यांच्याबरोबर पळाल्या. आयोजकांनी त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटं वर धरली. त्यांच्यातली नीना कुसिक त्याच वर्षी बॉस्टनमध्ये महिलांत पहिली आली होती.

आपाला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘त्या दहा मिनिटं बसल्या, मी पाच महिने बसलेय.’

कपडे काय घालायचे ते तिनं तिचं ठरवलं. सैल लांब कुर्ता, ट्रॅक पँट, डोक्याला मागे घट्ट बांधलेला सुती स्कार्फ. मी मत द्यायला गेलो, तिनं ऐकून घेतलं नाही. मोहल्ल्यात एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘बहन सड़क पे दौड़ती है, सुना?’ मी म्हणालो, ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ खोटं नव्हतं, पण भित्रं उत्तर होतं. तिला आवडतं म्हणून पळते, हे म्हणायला मला आणखी वर्ष लागलं. पार्कातही एक काकू कौतुकानं म्हणाल्या, ‘अरे वा, तुमच्यातल्याही येतात का!’ आपा म्हणाली, ‘हो काकू, बोरिवलीतल्या सगळ्याच येतात.’ आता त्या दोघी सोबत चालतात, मी मागे.

गेल्या पावसाळ्यानंतर आपा पहिल्यांदा कान्हेरीपर्यंत आली. शेवटचा चढ तिनं चालत काढला. चढावर पावलं छोटी ठेवायची, उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, हे माझं व्याख्यान तिनं मध्येच तोडलं. वर लेण्यांमध्ये तिला सगळ्यात आवडल्या त्या पाण्याच्या पोढ्या. भिक्खूंनी डोंगरावरून वाहणारं पावसाचं पाणी कातळातल्या चरांनी वळवून टाक्यांत साठवलं, शेकडो वर्षं. ती कातळावर बसून म्हणाली, ‘तू मला हे कधी सांगितलं नाहीस.’ सांगण्यासारखं काही आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. मी दर रविवारी वर पोचायचो, घड्याळ बंद करायचो आणि उलटा फिरायचो.

येत्या रविवारी फजरनंतर आम्ही मेन गेटवर असू. सकाळी फिरणाऱ्यांचा पास निघतो, तो काढून ठेवा. बूट नवे नकोत, पायाला बसलेले हवेत. पाण्याची बाटली ज्याची त्यानं धरायची.