एक प्याला चहा, दोन जिन्नस



जेवण वेगळें आणि चहा वेगळा, अशी आपली समजूत असते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कँटनी लोकांस हा भेद मान्य नाहीं. रविवारीं दुपारीं मुलेंबाळें घेऊन भोजनगृहांत जावयाचें असलें म्हणजे ते 'यम चा' करूं या, असें म्हणतात. या शब्दांचा अर्थ 'चहा पिणें' एवढाच. परंतु त्या चहाबरोबर बांबूच्या लहान टोपल्यांतून जे वाफाळलेले पदार्थ येतात, त्यांवर सबंध कुटुंबाचें जेवण होऊन जातें. या पदार्थांस 'डिम सम' असें नांव आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'हृदयाला स्पर्श' असा आहे. थोडें खावें आणि मन निवावें, हा हेतु नांवांतच आला. आपल्या मराठींतील 'चहा' हा शब्दहि त्याच 'चा'च्या कुळांतला आहे. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नव्हे.

या रिवाजाचें माहेर कँटन, म्हणजे आजचें ग्वांगझौ शहर. एकोणिसाव्या शतकांत तेथें हमाल व मजूर यांच्यासाठीं चहाचीं साधीं दुकानें होतीं. दोन ली या क्षुल्लक किंमतींत तेथें चहा मिळे, म्हणून लोक त्यांस 'दोन लींचीं दुकानें' म्हणत. पुढें सुखवस्तु गिऱ्हाइकांसाठीं मजल्यावर मजले चढविलेलीं मोठीं चहागृहें उभीं राहिलीं. १८८९ सालीं स्थापन झालेलें 'लिन ह्युंग' हें त्यांतलेंच एक होय. १९३८ च्या ऑक्टोबरांत जपानी सैन्यानें कँटन घेतलें, तेव्हां असंख्य कुटुंबें हाँगकाँगकडे निघून गेलीं. १९४९ च्या राज्यक्रांतीच्या सुमारास दुसरा लोंढा आला. त्यांच्याबरोबर आचारीहि आले, आणि या कलेचें दुसरें घर हाँगकाँगांत वसलें. तेथील स्टॅन्ले रस्त्यावरचें 'लुक यू' चहागृह १९३३ सालचें आहे. चहावर पहिला ग्रंथ लिहिणारा आठव्या शतकांतील विद्वान् लू यू याचें नांव त्यास दिलेलें आहे.

हाँगकाँगच्या एखाद्या साध्या, मध्यमवर्गीय भोजनगृहांत दुपारीं शिरावें, तों प्रथम कानावर येतो तो कोलाहल. वाटोळीं टेबलें खच्चून भरलेलीं असतात. गर्दी असली म्हणजे अनोळखी माणसांशेजारीं बसावें लागतें, आणि त्यांत कोणासच संकोच वाटत नाहीं. बसतांक्षणीं वाढपी पहिला प्रश्न करतो तो चहाचा: काळसर, मुरलेला 'बो ले', सौम्य 'साउ मे', कीं मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा सुगंध दिलेला? दूध व साखर यांचें नांवहि निघत नाहीं. चहा आला म्हणजे पुष्कळ लोक त्या ऊन पाण्यानेंच आपले पेले, वाट्या व खाण्याच्या काड्या विसळून घेतात. टेबलावर एक छापील कार्ड असतें. प्रत्येक टोपली येतांच तिच्या किंमतीप्रमाणें लहान, मध्यम, मोठी अशा रकान्यांत शिक्का पडतो. शेवटीं शिक्के मोजून हिशेब होतो. चहाचा आकार माणशीं वेगळा.

आतां टोपल्यांकडे वळूं. 'हार गाव' हा या पंक्तींतला मानकरी. गव्हाच्या सत्त्वांत उकळतें पाणी ओतून त्याची उकड काढतात, तिची पातळ पारी करतात, आंत कोळंबी भरतात व कडेला बारीक चुण्या घालून तोंड मिटतात. वाफवल्यावर पारी इतकी पारदर्शक होते कीं आंतील कोळंबीचा गुलाबी रंग बाहेर दिसतो. ज्या गृहिणीनें गणेशचतुर्थीस उकडीचे मोदक वळले आहेत, तिला या कामांतलें मर्म सांगावें लागणार नाहीं: उकड निवूं द्यावयाची नाहीं, पारी फाटूं द्यावयाची नाहीं, आणि चुण्या मोजून सारख्या घालावयाच्या. चांगला आचारी एवढ्याशा पदार्थास दहाहून अधिक चुण्या घालतो. त्याच्या शेजारीं 'सिऊ माय' असतें. तें उघड्या तोंडाचें, डुकराचें मांस व कोळंबी भरलेलें. 'चार सिऊ बाऊ' म्हणजे भाजलेल्या गोडसर मांसाचें सारण घातलेला पांढराशुभ्र, फुगीर पाव. तांदळाच्या पातळ पिठाचा थर वाफवून त्याची गुंडाळी करतात, ती 'चेउंग फन'. कोंबडीचे पंजे तळून, मुरवून, वाफवून देतात आणि त्यांस मोठ्या ऐटीनें 'फिनिक्स पक्ष्याचे पंजे' म्हणतात! शेवटीं अंड्याच्या पिवळ्या, गोड सारणाची खुसखुशीत वाटी येते. शाकाहारी पाहुण्यानें मात्र सावध असावें. मुळ्याच्या वड्यांसारखा निरुपद्रवी दिसणारा पदार्थहि बहुधा सुकी कोळंबी व मांसाचे तुकडे घालून केलेला असतो. त्याच्यासाठीं बौद्ध शाकाहारी भोजनगृहें निराळीं आहेत.

या जेवणाचे शिष्टाचार थोडे पण कडक आहेत. चहा प्रथम दुसऱ्याच्या पेल्यांत ओतावयाचा, आपल्या पेल्यांत सर्वांच्या मागून. वडील माणसांस अग्रमान. ज्याच्या पेल्यांत चहा ओतला जातो तो बोलतां बोलतां दोन बोटांनीं टेबलावर हलकेच टकटक करतो. हे त्याचे आभार. अठराव्या शतकांतील चिएनलुंग बादशहा वेषांतर करून हिंडत असतां त्यानें स्वतः सेवकाच्या पेल्यांत चहा ओतला. सेवकास साष्टांग प्रणाम घालतां येईना, तेव्हां त्यानें बोटें वांकवून टेबलावर टेकविलीं, अशी याविषयीं दंतकथा आहे. चहाच्या भांड्याचें झांकण तिरपें ठेवलें कीं वाढपी न सांगतां त्यांत ऊन पाणी घालून जातो.

म्हातारीं माणसें एकटीं येतात तीं सकाळीं. त्यांचा नेम 'एक प्याला, दोन जिन्नस' या कँटनी वाक्प्रचारांत सांगितलेला आहे: चहाचा एक झांकणीचा प्याला, दोन पदार्थ आणि एक वर्तमानपत्र. एवढ्यावर ते दोन तास बसतात. घरीं जागा अपुरी आणि मुलें कामावर गेलेलीं; तेथें त्यांस नांवानें ओळखणारा वाढपी हाच दिवसांतला पहिला बोलणारा माणूस असतो. रविवारीं तेंच टेबल तीन पिढ्यांचें होतें. कँटनी बाप मुलाला 'तुझी फार आठवण येते' असें सहसा म्हणत नाहीं. तो टोपलींतलें शेवटचें हार गाव उचलून त्याच्या वाटींत घालतो. मुलगाहि कांहीं न बोलतां बापाच्या पेल्यांत चहा ओततो. दोन बोटें वाजतात आणि आठवड्याचा अबोला संपतो.

ही व्यवस्था अलीकडे संकटांत सांपडली आहे. एका स्वस्त टोपलीमागें पहांटेपूर्वी उठणारा आचारी असतो, आणि त्याची जागा घ्यावयास तरुण मिळणें कठीण झालें आहे. जागेचें भाडें अवाढव्य. दोन पदार्थांवर दोन तास बसणारें गिऱ्हाईक मालकास परवडत नाहीं. म्हणून कित्येक ठिकाणीं कारखान्यांत करून गोठविलेला माल वाफवून देतात. टोपल्यांनीं लादलेल्या गाड्या टेबलांमधून फिरत, त्यांच्या जागीं खुणा करावयाचे कागद आले. या कागदांत एक गुण आहे. मागणीनंतर वाफवलेला पदार्थ अधिक ऊन मिळतो. परंतु झांकण उघडून डोळ्यांनीं निवड करण्याची मौज त्यांत नाहीं.

त्यांतच साथ आली. २९ जुलै २०२० रोजीं हाँगकाँगांत भोजनगृहांत बसून खाण्यास पूर्ण बंदी झाली. कामकरी लोकांनीं रस्त्याच्या कडेला उन्हापावसांत डबे उघडले. ओरड झाल्यावर ३१ तारखेपासून दिवसापुरती परवानगी परत मिळाली. २०२२ च्या आरंभीं तर कांहीं काळ एका टेबलापाशीं दोनच माणसांस बसतां येई. आजी, मुलगा, सून आणि नातवंडें यांचें टेबल दोन माणसांचें कसें व्हावें? वेलिंग्टन रस्त्यावरील जुनें लिन ह्युंग २०१९ मध्यें बंद होण्याच्या बेतांत होतें, तेव्हां नोकरवर्गानेंच तें चालविण्यास घेतलें. पण २०२२ च्या ऑगस्टांत त्यासहि दारें लावावीं लागलीं. २०२४ मध्यें तें पुन्हा उघडलें, ही समाधानाची गोष्ट.

दुसरी हानि भोजनगृहांच्या हिशेबांत दिसत नाहीं. ३१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटननें हाँगकाँगच्या पुष्कळ नागरिकांस आपल्याकडे स्थायिक होण्याची वाट खुली केली, आणि एक लाखाहून अधिक माणसें तिकडे गेलीं. गेले ते बहुतेक कर्ते मुलगे, मुली व त्यांचीं लेंकरें. मागें राहिले ते आईबाप. कोंकणांतून मुंबईस आणि मुंबईहून परदेशीं गेलेल्या मुलांच्या घरांस ही स्थिति समजावून सांगण्याची गरज नाहीं. जेथें सहाजण बसत, तेथें आतां दोघे बसतात. टोपल्या तीन-चार नगांच्या असतात. दोघांनीं चार तऱ्हा मागविल्या तर उरतात आणि दोनच मागविल्या तर मन भरत नाहीं.

जेवण संपलें म्हणजे कँटनी घरांत एक शेवटचा तंटा होतो, तो पैसे कोणीं द्यावयाचे यावरून. कार्डावर दोघांचेहि हात पडतात, आवाज चढतात, वाढपी हंसत उभा राहतो. धूर्त म्हातारा हात धुवावयाच्या निमित्तानें उठतो आणि गल्ल्यावर पैसे देऊन येतो. परदेशाहून सुटींत आलेल्या मुलास हें उमगतें तेव्हां वेळ गेलेली असते. तो रागावतो, आणि बाप त्यास सांगतो, पुढच्या वेळीं तूं दे.