खळगा पिवळा झाला, पण कशामुळे?

२०२० साली कोविडच्या रिपोर्टांत सीआरपी, डी-डायमरच्या रांगेत ‘आयएल-६’ येऊन बसलं आणि पुण्या-मुंबईत फोनवरून त्या आकड्याची चौकशी होऊ लागली. हे इंटरल्यूकिन-६ म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी धाडलेला निरोप. निरोगी माणसाच्या मिलिलिटरभर रक्तद्रवात ते असतं जेमतेम काही पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग करावेत, त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम!

एवढंसं प्रथिन हुडकायला संशोधक दोन प्रतिपिंडं कामाला लावतात. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६ छोटे खळगे असतात, प्रत्येकाच्या तळाशी पहिलं प्रतिपिंड आधीच चिकटवलेलं. नमुना ओतला की ते आयएल-६ धरून ठेवतं, बाकीचं धुऊन जातं. मग दुसरं प्रतिपिंड त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूने पकडतं. त्याला जोडलेल्या एन्झाइममुळे खळग्यातला द्रव निळा होतो. त्यात आम्ल टाकताच निळ्याचं पिवळं होतं आणि पिवळेपणा किती गडद, ते यंत्र मोजतं. ‘एलायझा’ नावाच्या या चाचणीची मूळ कल्पना स्टॉकहोममध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांनी १९७१ मध्ये मांडली. एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांना केंब्रिजमध्ये १९७५ साली साधली.

दोन साक्षीदार असूनही फसगत होतेच. संधिवाताच्या अनेक रुग्णांच्या रक्तात ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ असतो. तोही प्रतिपिंडच, पण इतर प्रतिपिंडांना चिकटणारा. प्लेटमधल्या दोन्ही प्रतिपिंडांना तो परस्पर जोडून देऊ शकतो, आणि मग मध्ये आयएल-६ नसतानाही खळगा पिवळा!

पेशीच्या आत तर बहुधा एकाच साक्षीदारावर भिस्त. आयएल-६चा निरोप पोचला की स्टॅट-३ या प्रथिनावर फॉस्फेट चढतं. फॉस्फेट चढलेलंच स्टॅट-३ ओळखणारं प्रतिपिंड ‘वेस्टर्न ब्लॉट’ या चाचणीत पट्टी दाखवतं. पट्टी दिसली खरी, पण ती कुणाची? ज्या पेशींतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, त्यांच्यावर तेच प्रतिपिंड चालवून बघायचं. तिथेही तीच पट्टी उमटली, तर ते भलत्यालाच धरतंय. तपासणी खर्चिक आणि वेळखाऊ, त्यामुळे नेमकी हीच टाळली जाते.

कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने मुख्यतः मज्जासंस्थेशी निगडित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडं अशीच कसोटीला लावली गेली. २०२३ साली निकाल आला: निम्म्याहून अधिक एक ना एका प्रयोगात नापास. त्यांतली कित्येक छापील शोधनिबंधांत वापरून झाली होती. उत्पादकांनी मग काही प्रतिपिंडं बाजारातून काढून घेतली, तर अनेकांच्या वापराच्या सूचना बदलल्या.