'रामायण'मधील पात्रनिवड

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली गेली. चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत गुजरातमधील उंबरगाव येथे झाले.

मालिकेच्या यशात पात्रनिवडीचा वाटा फार मोठा आहे. अरुण गोविल यांचे मंद स्मित आणि संथ बोलणे श्रीरामाला शोभले. दीपिका चिखलिया सीता झाल्या. दारासिंग यांची पहिलवानी देहयष्टी हनुमानाला साजेशी होती. केवटाच्या भूमिकेसाठी आलेल्या अरविंद त्रिवेदींची चाल पाहूनच त्यांना रावण करण्यात आले. मराठी कलावंतांचाही ठसा ठळक आहे. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर हे प्रत्यक्षातही पती-पत्नी होते. मंथरा ललिता पवारांनी आणि भरत संजय जोग यांनी साकारला.

मुकुट, पीतांबर, दागिने आणि वनवासातील भगवी वस्त्रे यांमुळे देवघरातील तसबिरीच सजीव झाल्यासारख्या वाटत. प्रेक्षक आंघोळ करून, दूरदर्शन संचाला हार घालून मालिका पाहत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत झालेले पुनःप्रसारणही घरोघरी तितक्याच आवडीने पाहिले गेले.