शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि रुग्णाचे मन



शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. रुग्णाची कसोटी त्यानंतर सुरू होते. भूल उतरते, टाके ठणकू लागतात आणि नजर समोरच्या भिंतीवर खिळून राहते. त्या भिंतीविषयीच आज मला बोलावयाचे आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या. २३ रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या २३ जणांना विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकेही पहिल्यांना कमी लागली. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले. अभ्यास लहान खरा, पण विचार करावयास लावणारा आहे.

खिडकीच नसेल तर? तेथे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तवाचे तंत्र, पुढे येते. डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखा संच, कानांशी ध्वनी. मान वळवावी तसे दृश्य वळते. सिएटल येथे हंटर हॉफमन व सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाची आभासी दरी निर्माण केली. ड्रेसिंग चालू असता रुग्ण बर्फाचे गोळे फेकण्यात गुंततो. वेदना जाणवण्यासाठीही लक्ष लागते. ते अन्यत्र रमले की तिची धार बोथट होते. मात्र औषधांना हा पर्याय नव्हे, आणि चक्कर, मळमळ वा फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना हा संच लावू नये.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून नंदुरबारला आणलेल्या रुग्णाला सिएटलचा बर्फ कशाला? त्याला तोरणमाळचा यशवंत तलाव दाखवावा, श्रावणातला सातपुडा दाखवावा. असे चित्रण आपले तरुण सहज करू शकतील.

परंतु माझ्या मते संच नंतर घ्यावा. आधी खाट खिडकीकडे वळवावी, रात्री दिवा मंद ठेवावा. आणि साता विचारण्याची आपली रीतही थोडी बदलावी. दहा-बारा जण एकदम खाटेभोवती जमतात, रुग्णाकडून सारी हकीकत वदवून घेतात, वर आपल्या व्याह्यांच्या ऑपरेशनची कथा ऐकवतात! दोघांनी जावे, पाच मिनिटे बसावे. स्तवन लावायचे तर प्रथम रुग्णाला विचारावे, आणि आवाज हळू ठेवावा. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे टाकेही अजून ओलेच असतात.