हृदय बंद पडल्यास



हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती हातांनी दाबून त्याचे रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील तिघांनी १९६० साली जगापुढे मांडले. या उपायाने माणसे वाचतात. पण तो सौम्य नव्हे. बरगड्या मोडतात, आणि जर्जर देहाला पुष्कळदा यातनांखेरीज काही मिळत नाही. म्हणून 'या रुग्णावर हा प्रयत्न करू नये' असा शेरा आधीच लिहून ठेवण्याची पद्धत इंग्लंडात आहे. तिला आमचा विरोध नाही. शेरा त्या एका उपायापुरताच असतो. औषध वा प्राणवायू थांबवण्याची मुभा तो देत नाही. आम्ही विचारतो ते एवढेच, की शेरा लिहिणारा कशाकडे पाहून लिहितो?

मार्च २०२० मध्ये तेथे करोनाची साथ भडकली. अतिदक्षता विभागातील खाटा पुरणार नाहीत, ही भीती खरी होती. उपचारांचे दंडक घालून देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २० मार्चला सूचना काढली, की दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णाची जर्जरता नऊ पायऱ्यांच्या एका मोजपट्टीने मोजावी. ही पट्टी कॅनडात वृद्धांच्या अभ्यासातून निघालेली. पैशांचे व्यवहार जमतात का, स्वयंपाक होतो का, आंघोळीला, कपडे घालायला मदत लागते का, यावरून पायरी ठरते. परवापरवापर्यंत बाजारहाट करणाऱ्या आजोबांना आज सदरा चढवता येईना, तर शरीर खचत चालले हे अनुमान रास्तच. पण पंचवीस वर्षांचा, जन्मतः डाउन सिंड्रोम असलेला तरुण घ्या. त्याच्या सदऱ्याची बटणे आई लहानपणापासून लावीत आली आहे. त्यावरून त्याच्या फुप्फुसांची ताकद कळते काय? जन्मभराची गरज ही पट्टी ऱ्हास म्हणून वाचते.

अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २५ मार्चला सूचना सुधारली गेली: तरुण माणसे, दीर्घकाळ स्थिर असलेले अपंगत्व, बौद्धिक अपंगत्व आणि स्वमग्नता यांना ही पट्टी लावू नये, प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा. पाच दिवसांत चूक दुरुस्त करणे, ही तत्परता मान्य केलीच पाहिजे.

मात्र हा दोष साथीने आणलेला नव्हता. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या मृत्यूंचा जो आढावा तेथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील १९ प्रकरणांत शेऱ्याचे कारण म्हणून चक्क बौद्धिक अपंगत्व किंवा डाउन सिंड्रोम असेच नोंदलेले होते. जणू तोच रोग! साथीच्या पहिल्या लाटेत या लोकांचा करोनाने झालेला मृत्युदर, वयाचा व लिंगाचा फरक धरूनही, इतरांच्या निदान ४.१ पट होता. याला शेरेच कारणीभूत झाले असे कोणी म्हणणार नाही. कारणे अनेक होती. पण ज्यांना धोका अधिक, त्यांचा विचार अधिक बारकाईने व्हायला हवा होता.

नियमही नवा नव्हता. जानेवारी २०११ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या एका रुग्णाच्या कागदावर पहाटे तीनच्या सुमारास असा शेरा पडला. आईला विचारले नाही. २०१५ मध्ये न्यायालयाने ठरवले, की फोनची वेळ अडनिडी असणे निराळे आणि फोन करणे अशक्य असणे निराळे. असे मूल सांभाळणारी आई पहाटे तीनला फोन उचलते, हे खरे तर न्यायालयाला सांगावे लागू नये.

आता तेथे अनेक कुटुंबे एक लहानशी चोपडी तयार ठेवतात. बरा असताना हा कसा असतो, काय खातो, दुखले तर कसे दाखवतो, कोणाला बोलवावे, हे तीत लिहिलेले असते. रुग्णालयात जाताना ती बरोबर जाते.